रुमालाखाली

आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं,
"मॅडम, डोकं उघडं असताना मी बोलायचं?"
हो. तेच तुमचं काम.
"आन् तुमचं?"
मी ऐकायचं.
"मंग फी कोनाला?" म्हणाले धोंडीभाऊ डुंबरे,
गाव ओतूर, वाशीच्या फळबाजारात तेहतीस वर्षं,
डाव्या कानाच्या वर, आत, लिंबाएवढी गाठ.
लिंबाएवढी असं डॉक्टर शेणॉय म्हणाले.
भाऊंनी विचारलं, कागदी का ईडलिंबू?

सकाळी आठ. नेरूळ. चौथा मजला.
तीन खिळ्यांच्या चौकटीत डोकं,
हिरव्या कापडाचा तंबू.
तंबूपलीकडे करवत थांबल्यावरचा वास,
अलीकडे स्टुलावर मी, समोर त्यांचा चेहरा,
आणि त्यांचा डावा हात माझ्या हातात,
कारण भूल उतरताना ते म्हणाले, धरून ठेवा.

मेंदूला दुखत नाही.
शंभर जणांना सांगून झालं,
अजून माझंच मन धजत नाही विश्वास ठेवायला.

मी कार्ड दाखवते. ही...
"ही छत्री."
ही...
"ही किल्ली. गाळ्याची न्हाई, कपाटाची."
हा...
"हा बैल. शिंगं चुकली काढनाऱ्याची."
पलीकडे विजेची बारीक सळई
टेकते, उठते, टेकते,
आढीतला आंबा अंधारात चाचपावा तशी.

हा...
"हा"
हा...
"हा... हा..."
डोळे कार्डावर. डोळ्यांना ठाऊक आहे.
पिवळा, देठाशी लालसर, तेहतीस उन्हाळे.
ओठ उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात.
मी म्हणते, थांबले.
आणि तेवढ्यात कापडाखाली
त्यांच्या हातानं माझी चार बोटं धरली,
दाबली, सोडली.
मग दोन.

मला वाटलं, घाबरले.
सळई उठली.
"आंबा," ते चिडून म्हणाले,
"हापूस. देवगडचा. कवाधरनं सांगतोय."

त्या जागी नखाएवढी चिठ्ठी ठेवली, नंबर अकरा.
पुन्हा टेकवलं, पुन्हा आंबा गेला.
पुन्हा चार बोटं. मग दोन.

गाठीची एक मुळी अकराखाली शिरलेली.
ओढली तर आंबा जाईल,
आणि आंब्याच्या शेजाराला कोण राहतं, कुणाला माहीत:
हौसाबाई असतील, ओतूर असेल,
"नको" हा शब्द असेल.
डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, एवढी राहू दे.
केसपेपरवर याला दुसरं नाव आहे.
मी बाजारात वाढले असते तर सौदा म्हटलं असतं.

तीन आठवड्यांनी आले. डोक्यावर पांढरी टोपी,
टोपीखाली टाक्यांची नाल.
"काच" म्हणायला त्यांना वेळ लागला,
"हौसा" म्हणायला नाही.
मी विचारलं, चार आणि दोन म्हणजे काय होतं?
"बेचाळीसशे. पेटीचा भाव त्या दिसाचा.
नाव येईना तोंडात,
म्हणलं भाव तरी देऊ."
मग समजावलं: हात रुमालाखाली घ्यायचा,
बोटांनी बोलायचं, शेजारचा गाळा ऐकत असतो.
एक बोट म्हणजे एक, किंवा दहा, किंवा शंभर,
ते मालावरून कळतं.

हौसाबाई फिल्म पाकिटात घालत होत्या, उलटी जात होती,
काढून पुन्हा घालत होत्या.
भाऊंनी खिशातून रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खालून माझं एक बोट धरलं.
"जी ठिवली ना आत," ते हळूच म्हणाले, "तिचं बोला."

मी स्पीच थेरपिस्ट. हे सांगणं माझं काम नाही.
तपासण्या आहेत, किरणोपचार आहेत, दर तिमाहीचा स्कॅन आहे,
आणि एक बोट एक, किंवा दहा.

मी त्यांचा अख्खा पंजा धरला.

"परवडत न्हाई," भाऊ म्हणाले, "वाढवा,"
आणि रुमाल तसाच राहू दिला.