सुसरबाई

मी इलाही मुजावर, बोर्डवाला. आमणापूरच्या अंगणवाडीची
नदीकडची भिंत दोनदा रंगवली. ही तिसरी खेप.
पहिल्यांदा अठ्ठ्याऐंशी साली, रोज पंचवीस रुपये आणि दोन वेळचा चहा.
मोरेबाई म्हणाल्या, जांभळीवर माकड काढा, खाली मगर.
दात नीट दिसू द्या, पोरं घाटावर एकटी जातात.

काढले. जरा जास्तच झाले,
जबड्यातली जागा संपली तरी ब्रश थांबेना.
काळीज झाडावर राहिलंय, असं माकड सांगतं, तो क्षण:
सुसरीच्या नवऱ्याचा डोळा पिवळा, फसत चाललेला.
काळीज मागणारी त्याची बायको कोपऱ्यात.
हिरवा संपला, म्हणून तिची नुसती शेपटी आली.
सतरा वर्षं कुणी विचारलं नाही, बाकीची कुठाय.

आई मगर म्हणत नसे. सुसर.
धुणं धुताना पाण्याकडं बघून पुटपुटायची,
सुसरबाई तुझी पाठ मऊ,
आणि पिळा मारता मारता एक पायरी वर सरकायची.
पाठ कशी असते ते तिला ठाऊक होतं.
म्हणून तर मऊ म्हणायचं.

दुसऱ्यांदा वरून कागद आला: मुले घाबरतात, तोंड मिटवावे.
मिटवलं. पापण्या दिल्या, गालावर गुलाबी ठिपका,
पाठीला दप्तर. माकड आणि ती एका बाकावर.
खोटं कशाला सांगू, चित्र गोड झालं.

त्याच आठवड्यात वनखात्याचा माणूस पत्र्याचा बोर्ड घेऊन आला.
सावधान, मगरींचा वावर.
भीती वाटली पाहिजे, असं दोनदा बजावून गेला.
मोटारीचा फुटव्हॉल्व्ह काढताना
परशा चौगुलेचा हात नुकताच कोपरापासून गेला होता.
सकाळी हसू, दुपारी दात. डबा तोच हिरवा.
रॉकेलच्या वाटीत ब्रश बुडवला
तेव्हा दोघी एकात एक विरघळल्या.

नात अल्फिया मोबाईलवर गोष्ट बघते.
त्यातली मगर चष्मा लावते, जीभ काढून आइस्क्रीम चाटते.
(मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही,
हे मला त्या वनखात्याच्या माणसानं सांगितलेलं.)
लहानपणी तिच्याशी कुणी खेळलं नाही, म्हणून ती तशी वागली.
शेवटी माकडच सॉरी म्हणतं. सगळे केक खातात.
मिरजेहून आणलेली स्पंजची मगर उशाशी घेऊन पोरगी झोपते.
पाठ दाबली की चूं करते.
खरंच मऊ निघाली, आई.

एका रात्री तिला जुनी गोष्ट सांगितली, दातांसकट.
घाबरली नाही. म्हणाली, पण तिला काळीजच का पाहिजे होतं?
तिला कुणी विचारलं?
जांभळं रोज यायची, नवरा रोज उशिरा यायचा,
एवढंच मला सुचलं.
सहा वर्षांच्या पोरीला ते काय सांगणार.
झोप आता, म्हणालो.

यंदाच्या पुरात भिंत नऊ दिवस पाण्यात होती.
पाणी उतरलं तर गुलाबी गाल पोपडे होऊन गळालेले,
आणि हसऱ्या ओठांमधून
माझे अठ्ठ्याऐंशीचे दात.
नव्या बाई म्हणाल्या, घासा, प्रायमर मारा, काहीतरी छान काढा.
कोपऱ्यातली शेपटीही वर आलीय, ओली, जशीच्या तशी.
अल्फिया म्हणते, आधी हिला तोंड काढा.

दिवसभर बसलोय. खवले जमतात.
डोळ्यापाशी ब्रश अडतो.

संध्याकाळी हातपाय धुवायला घाटावर गेलो, पोरगी मागं.
बोर्ड वाहून गेलाय, नुसते दोन खांब.
पलीकडं गाळाच्या पट्ट्यावर ओंडक्यासारखं काहीतरी
उरल्या उन्हात आ वासून पडलेलं.
अल्फियानं हात केला.
मी तिचा दंड धरला
आणि एक पायरी वर सरकलो.