दहापैकी

संपादकांचा फोन तीनदा आला: आकडा कळवा.
मजकूर मागाहून चालेल,
चौकटीत आकडा आधी लागतो.

मी जामसंड्यात, तन्वीर सोलकरच्या
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत.
बाहेर जेटीवरून आलेल्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळतंय,
आत पडद्यावर वीस हजार माणसं माझ्यासाठी ओरडतायत
आणि त्यातला निळ्या टोपीचा इसम
चौदाव्या रांगेत बसलाय, चाळिसाव्या रांगेतही,
आणि दारापाशी तोच उभा.
हे टिपून घेतलं.

इतरांनी काय लिहिलंय ते आधीच वाचलं होतं,
ही माझी खोड.
एकजण म्हणतो, घाम असा कधी पाहिला नाही,
मानेवरून उतरतो, बनियनच्या काठाशी थबकतो.
दुसरा म्हणतो, गेल्या वर्षीचाच खेळ, वेष्टण नवं.
तिसऱ्याने नऊ दिले आणि तळाशी बारीक अक्षरात
कबूल केलं की दोनच तास खेळला.
पैशांवर मात्र सगळ्यांचं एकमत:
पाकीट उघडल्याशिवाय गुडघ्यात जोर येत नाही.
तन्वीर म्हणाला, मग जिल्हा असोसिएशनपेक्षा बरं,
इथे निदान पावती मिळते.

मग मी माझा खेळाडू घडवायला घेतला.
नाक जमलं. वेणीसुद्धा मिळाली.
उंचीचा काटा पाच फूट सातच्या खाली येईना.
मी पाच फूट एक,
सिंधुदुर्गच्या संघात तीन वर्षं पॉइंट गार्ड.
बटण दाबत राहिले, काटा टकटकत राहिला.
हे कुणीच लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी तांडेल सरांना घेऊन आले.
मोतीबिंदू नुकताच काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी.
सुरमई पारखावी तसा कंट्रोलर उलटासुलटा केला
आणि परत दिला: "तू खेळ, मी बघतंय."
अख्खा सामना बघितला. चहा निवला.
मध्ये एकदाच ओरडले, "तेचो पाय बघ गो, पाय!"
कारण त्या सहा फूट नऊ इंची माणसाने
उडीआधी डावा पाय अगदी तसा टेकवला
जसा त्यांनी आम्हाला कातळावर खडूने आखून दिला होता.
मग बराच वेळ गप्प.
मग: "सगळां बरां आसा. पन वारो खंय?"

वारा.
आमचं कोर्ट पवनचक्क्यांच्या वाटेवर, सड्यावर.
आडोसा म्हणून एक काजूचं झाड, तेही वाकलेलं.
रिंगचं जाळं ट्रॉलरच्या फाटक्या नायलॉनचं,
बोल्ट दरवर्षी गंजून हातात येणारे,
आणि जानेवारीत दुपारी तीननंतर
चेंडू रिंगकडे मारायचा नसतोच.
मारायचा तिसऱ्या पवनचक्कीकडे,
पुढचं वारा बघून घेतो.
म्हणून बाहेरचे संघ आमच्याकडे येऊन हरायचे.
म्हणूनच कोल्हापूरच्या बंदिस्त हॉलमध्ये
आमचे पहिले अकरा शॉट
सगळे एकाच बाजूला, दीड वीत बाहेर,
आणि गॅलरी हसली.
अकरा. मी मोजले होते.

रात्री लिहिलं. बुटांची चिरचिर लिहिली, घाम लिहिला,
निळी टोपी, हावरटपणा, उंचीचा काटा.
शेवटच्या परिच्छेदात तो हॉल.
आकडा टाकला, खोडला, परत टाकला: साडेसहा.

छापून आलं तेव्हा शेवटचा परिच्छेद नव्हता,
जाहिरात मोठी आली म्हणे.
आणि साडेसहाचे सात झालेले,
चौकटीत अर्धा बसत नाही.

अंक सरांकडे नेला. पट्टी निघालेली.
हात लांब करून वाचला,
चौकटीवर नखाने टिचकी मारली.
"सात? तुका मी कधी सात दिलंय?"
कधीच नाही. साडेपाच, तेही फ्री थ्रोला.

अंकाची घडी काखेत मारली,
खाटेखालचा चेंडू पायाने पुढे ओढला, दाबून बघितला.
"वारो किती आसा आज?"

मी अंगणात जाऊन पात्यांकडे बघून आले.