दुहेरी अंध

दर दुसऱ्या गुरुवारी खाडीच्या रस्त्याने जाते मी.
मागच्या सीटवर थंड पेटी, पेटीत कॅप्सूलच्या बाटल्या.
वळणावर हॉर्न द्यायचा.
न्यूफाउंडलंडच्या धुक्यात मूस आडवे येतात,
घोड्याहून उंच, आणि घाई कसलीच नसलेले.

अँब्रोस हाइन्स, वय एकाहत्तर.
आधी कॉड, कॉड संपल्यावर खेकडे,
आता बोटं ओल्या दोराच्या गाठीसारखी,
सुटायची म्हटलं तरी सुटत नाहीत.
कागदोपत्री तो शून्य चार सात.

अर्ध्या बाटल्यांत गांजाचा अर्क आहे
आणि अर्ध्यांत नुसतं सूर्यफुलाचं तेल.
कुठली कुठे, त्याला ठाऊक नाही. मलाही नाही.
ठाऊक आहे टोरंटोतल्या एका संगणकाला
आणि तो ताकास तूर लागू देत नाही.
याला आम्ही दुहेरी अंध चाचणी म्हणतो, मी सांगितलं.
अँब्रोस म्हणाला, आमच्याकडे याला लग्न म्हणतात.

दुखणं दहापैकी किती?
ईशान्येचा वारा असेल तर आठ.
फॉर्मवर वाऱ्याला रकाना नाही. मी आठ लिहिते.
रोज रात्री दोन्ही घेता ना?
दोन्ही संपतात, तो म्हणतो,
आणि मी बरोबरची खूण करते.
झोप?
तो खिडकीतून उलट्या घातलेल्या बोटीकडे बघत राहतो.

पाचव्या महिन्यात लोरेटा गाडीपर्यंत आली,
हातात लाल बेरीच्या मुरंब्याची बरणी.
म्हणाली, दोनांतली एक मी घेते.

मला डर्मट ठाऊक होता. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.
चौदाव्या वर्षी बोटींच्या शेडमागे सुरुवात,
एकोणिसाव्या वर्षी घराघरांत शिरून
बंद असलेले रेडिओ बंद करत फिरायचा.
आता शहरात, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर,
रविवारी दोन ते चार.

गांजानेच झालं का, तिने तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं.
धोका वाढतो, ते म्हणाले,
लहान वयात जास्तच वाढतो,
पण या एका मुलाचं कारण तेच, असं म्हणता येत नाही.
चांगला माणूस आहे, लोरेटा म्हणाली.
चार वर्षं ते वाक्य हातात घेऊन बसलेय,
कुठल्या बाजूने धरायचं तेच कळत नाही.

म्हटलं, बघू तरी, पोराला काय ऐकू येतं.

मग?

काही नाही गं. फ्रीजची घरघर. याचं घोरणं.
आणि झोप. लाज वाटावी इतकी झोप.

मग बरणी माझ्या हातात देता देता:
नुसतं तेलच असेल का?
मला ठाऊक नाही, मी म्हणाले.
आजवर शंभरदा म्हटलेलं वाक्य,
त्या दिवशी जिभेला टोचलं.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली, फॉर्म बारा काढला.
शून्य चार सात. औषध दुसऱ्या व्यक्तीने घेतले.
"दुसऱ्या व्यक्तीने" खोडलं, "पत्नीने" लिहिलं,
तेही खोडलं. पहिलंच ठेवलं.

दीड वर्षाने निबंध छापून आला.
दुखणं थोडं कमी.
झोपेबाबत अधिक संशोधनाची गरज.
तक्ता दोनच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक सहभागी विश्लेषणातून वगळला.
मी ती ओळ भिंग लावून वाचली,
भिंगाची गरज नव्हती.

त्यानंतर टोरंटोहून यादी आली.
कुणाला काय मिळालं, ते आता सांगायला हरकत नाही.
एका पाकिटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच शब्द.
वाचून मी पाकीट परत चिकटवलं,
बरणी दोनदा घासली, पुसली,
आणि गुरुवार नसताना निघाले.

धुकं नव्हतं. तरी वळणावर हॉर्न दिला.

पायरीवर उभी राहिले तेव्हा
आत रेडिओवर मच्छीमारांचं हवामान चाललं होतं,
वारा ईशान्य, वीस नॉट, लाटा
मी दार वाजवायच्या आत
कुणीतरी तो बंद केला.