मधली सरी

वसगड्याला आमचं रान अकरा गुंठे.
तीन अंगांना ऊस, चौथ्या अंगाला ओढा,
मध्ये आमची भाजी
भरल्या एस्टीत उभी असल्यासारखी, अंग चोरून.

शुक्रवारी दुपारी आदगोंडा भाऊजींच्या कोवळ्या उसात
टू-फोर-डी मारली.
वारं मावळतीचं होतं.
त्यांच्या मनात काही नव्हतं.
पंप भाड्याचा, पंपामागचा माणूसही भाड्याचा,
आणि तो वारं पडायची वाट बघत नाही.

शनिवारी बांधाकडच्या दोन सऱ्यांत
गवारीचे शेंडे वळलेले,
करंगळी मुडपावी तसे.
शेंगा मात्र होत्या तशाच,
कोवळ्या, बारीक लव असलेल्या,
बोटानं मोडली तर कटकन आवाज करणाऱ्या.

मामंजी म्हणाले, "झाडाला झालंय की.
शेंगंला काय झालंय?"
हे काही बोलले नाहीत.
पोतं भिजवत बसले, भिजलं होतं तरी.
चार किलोचा माल. रविवारचा भाव ऐंशी.
मी मनात गुणाकार केला, नाही म्हणत नाही.

सासूबाई मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या.
मुळा त्यांनी जन्मात खाल्लेला नाही,
चातुर्मासात पालेभाजीही नाही,
पण जुडी त्यांनीच बांधावी,
शाळेच्या पोरीची वेणी घालावी तशी घट्ट, सारखी.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"आज कालवणाला गवारी कुठल्या सरीची तोडलीस गं?"

माझ्या ओच्यात मधल्या सरीची होती.
हात आपसूकच तिकडं गेला होता.
मला ते तेव्हा कळलं.

"आपण खात न्हाई ते विकतो, ते येगळं," त्या म्हणाल्या,
आणि पुढची जुडी घेतली.
पुढचं वाक्य त्यांनी बोललंच नाही.

दोन सऱ्या उपटल्या. म्हशीलाही घातल्या नाहीत.

रविवारी रुईकर कॉलनीत, मैदानाच्या कडेला,
सम्यकनं रंगवलेली पाटी लावली:
विषमूक्त भाजी.
त्यातला मू अजून दीर्घच आहे, सातवीत गेला तरी.
पोवार मॅडम आल्या, कापडी पिशवी झटकत.
"आज गवारी एवढीच?"
मी म्हटलं, "वारं लागलं."
"वाऱ्यानं गवारी जाते?"
मग सांगितलं सगळं. ऊस, पंप, बांध.
सांगताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी ऐकून घेतलं.
मग हातातल्या वांग्याकडं बघितलं,
काळं, काटेरी, पहाटेचं दव अजून देठात,
आणि हळूच, अगदी हळूच, ढिगावर परत ठेवलं.
"पुढच्या रविवारी बघू हं."
मागच्या दोघींनीही ते बघितलं.

खरं बोलल्याचा त्या दिवशीचा हिशेब:
दीड किलो वांगी परत,
दोडके सगळे परत,
तांबडा माठ गेला, कारण दहाला दोन लावला.
येताना उचगावच्या पुलापर्यंत
हे म्हणाले नाहीत की तू बोललीस कशाला.
पुलानंतर म्हणाले,
"बांधाला मका लावू. दाट.
मक्याला त्या औषधाचं काही होत न्हाई."

तिन्हीसांजेला भाऊजींची सून आली, नंदिनी,
बांधावरून, पदराखाली स्टीलचं पातेलं.
"काकी, मूठभर गवारी द्या की.
मामांना डॉक्टरनी सांगितलंय, औषध न मारलेलं खावा."
थांबली.
पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडलं.
"मधल्या सरीतली द्या, मामाच म्हणाले."

मी काटा काढला नाही.
ओंजळीनं घातली, वर दोन वांगी ठेवली,
मॅडमनी ठेवलेलं त्यातच एक असणार.

अंधार पडत होता.
उपटलेल्या दोन सऱ्यांत माती अजून उघडी होती.
तिथून जाताना ती
परकर जरा वर धरून,
जपून पाय टाकत गेली.