जाजम

आमच्या घरात फरासखान्याचा एक कागद आहे, मोडीतला.
बुधगावच्या मास्तरांनी वाचून दिला:
स्वामींस लोड, काझींस लोड,
भट्टारकांस पाट, वर धूतवस्त्र,
साहेबांस खुर्ची. बूट काढणार नाहीत,
सबब जाजम चार बोटे आत दुमडावे.

चार बोटं.
पणजोबाच्या पणजोबानं ती दुमडली
आणि दरबार सुरळीत पार पडला.

आज मिरजेत, ठाण्याच्या आवारात, शांतता समितीची बैठक.
दोन सण एकाच आठवड्यात आलेत.
खुर्च्या माझ्याच. लाल, सत्तर.
आमदारांना सोफा, पांढऱ्या कव्हराचा.
महंत आणि मौलाना सोफ्यापासून सारख्या अंतरावर,
टेप लावून मोजतो मी.
इथं एक वीत चुकली
की रात्रीतून गल्लीत तिचे दोन कोस होतात.

भाषणं झाली. परंपरा, सलोखा, डीजेचा आवाज.
चहा निम्मा निम्मा कप.
मौलाना आलेच नाहीत.
फोटोवाला म्हणाला, मधे भोक दिसतंय.
इन्स्पेक्टर म्हणाले, फरास, तू बस रे.
टोपी आहे ना खिशात?

कागदाच्या तळाशी एक ओळ आहे,
मास्तरांनी ती दोनदा वाचली होती:
काझी नाराज, आले नाहीत.
जागा मोकळी दिसो नये म्हणोन तक्क्या उभा ठेविला.

बसलो.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याच खुर्चीत.
डावा पाय डुगडुगत होता तिचा.
फोटो निघेपर्यंत मी
हललो नाही.