रोवळी

लग्नसराई संपली. वेंगुर्ल्याच्या बाजारातला स्टुडिओ
चारलाच बंद करून घरी येतो,
कॅमेरा गळ्यात तसाच, काढायचा राहिलेला.

मागच्या खिडकीच्या गजाला
रोवळी वाळत टांगलेली.
विणीतून पश्चिमेचं ऊन
कोब्यावर सांडलंय, तांदळाएवढं.
मी पोटावर आडवा होतो.

"उठा, तांदूळ धुवूचे आसत."
"दोन मिनिटं, शालन."
दुसऱ्याच मिनिटाला ढग.
ती रोवळी काढून नेते.
खाली पाण्याचे चार थेंब.
तेही टिपतो.

पंचवीस वर्षं म्हणत आलो,
हनुवटी वर, जरा हसा, डोळे मिटू नका.
इथे कोणाला काय सांगू?

काचेच्या कपाटात, नवरीमुलींच्या मधोमध
मोठा करून लावला तो फोटो.
कोणी विचारलं नाही.
पासपोर्टच्या फोटोला आलेली रोझालीन मात्र
टोपली खाली ठेवून बघत राहिली:
"जाळा कोणाचा ह्या? तळाक उसावलाहा."

ती गेल्यावर भिंग लावलं.
खरंच, कोपऱ्यात एक बेळ सुटलेली.
मी इतका जवळ गेलेला, दिसली नव्हती.

रात्री जेवताना शालनला सांगितलं.
ती आमटी वाढत म्हणाली,
"गेल्या चवथीपासून
तांदूळ गळतत थयसून."