वंगण

अक्षदा मोबाईलमधल्या देवळात शिरते.
पांडवलेण्यांसारखंच, फक्त आत निळा उजेड.
पुढे दगडी लिफ्ट. पाय ठेवला की हलते.
"दहा हजार वर्षं बंद होती, पप्पा."

मी अंबडहून सेकंड शिफ्ट करून आलोय,
नखांत ग्रीस. आमची प्रेस
रविवारी एक दिवस झोपवली
तर सोमवारी अकरापर्यंत कुरकुरते.

विचारलं, हिला वंगण कोण घालतं?
म्हणे, जादूवर चालते.
बेअरिंग? ऑइल सील?
"पप्पा, तलवार बघा ना."

तलवार नाही बघितली.
भिंतीमागे, चाकांच्या दात्यांपाशी
शिडी दिसते का बघत राहिलो,
खिळ्याला अडकवलेला डबा,
हात पुसायचं एखादं फडकं.

राक्षस मेला.
दार उघडलं, जराही आवाज न करता.
तिथेच माझा विश्वास उडाला.

दुसऱ्या दिवशी प्रेसच्या पोटात टॉर्च मारला.
फ्रेमवर पंचने ठोकलेलं:
रुंजा आहेर, बुश बदलला, १४-५-९७.
रुंजाभाऊ केव्हाच पिंपळगावला गेला, द्राक्षांत.
अक्षरांत तेल मुरलंय.
अंगठ्याने पुसलं.
खाली दोन बोटं जागा आहे.